दातांतली रिबीन

नव्या गुळाचा पहिला संदेश मी कधीच सरळ खात नाही. आधी हुंगते. डिसेंबर लागला की आमच्या बालीगंजच्या गल्लीतला मिठाईवाला काचेच्या कपाटात तपकिरी संदेशांची रांग लावतो, आणि माझ्या मनात पहिला प्रश्न येतो की अजून पंख्याखाली झोपतोय आपण, तर खजुराच्या झाडातून हा रस आला कुठून? थंडी पडल्याशिवाय तो गोड होत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. हल्ली ट्यूबमधून वास विकत मिळतो. तो पिळला की साध्या साखरेचाही नोलेन गूर, म्हणजे खजुराचा नवा गूळ, होतो. "खरा आहे का?" असं मी दर वर्षी विचारते. मिठाईवाला दर वर्षी दुखावला जातो. "काय बोलता हे, बउदी!" दुखावलेल्या चेहऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. मी एकच संदेश घेऊन घरी येते.

याला माझा इलाज नाही. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करण्यात गेली. कुणाचं गोदाम जळालेलं, कुणाचा ट्रक उलटलेला, कुणाच्या लग्नघरातून दागिने गेलेले. लोक डोळे पुसत समोर बसायचे आणि मी विचारायची, कुलूप कुणी लावलं होतं? बदली होऊन कोलकात्याला आले, इथेच निवृत्त झाले, नवरा गेल्यावरही इथेच राहिले. नोकरी सुटली, पण नजर तशीच राहिली. शेजारी नवी गाडी दाखवायला बोलावतात तेव्हा मी कौतुक करता करता दारावरून बोट फिरवते. ठोकर लागून मागाहून रंग मारलेला असेल तर तो बोटाला कळतो.

यंदा गुळाच्या आधीच पुण्याहून एक जाडजूड पुस्तक आलं. त्याच्याबद्दल शेवटी सांगते, कारण ते मागच्या हिवाळ्याचं शेपूट आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या मंडळाने नाटक बसवायचं ठरवलं. मंडळ म्हणजे इथली मूठभर मराठी घरं. बँकांतले अधिकारी, फोर्ट विल्यममध्ये बदलून आलेली लष्करी कुटुंबं, आयटीतली तरुण मंडळी. दर तीन वर्षांनी निम्मे चेहरे बदलतात आणि साबुदाण्याची खिचडी तेवढी तशीच राहते. कार्यवाह आणि दिग्दर्शक दोन्ही गोडबोलेच. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने इतके समजूतदार की दोघांच्या भांडणात दोघांनाही बरोबर ठरवतील. त्यांनी कुठूनतरी एक जुनं नाटक शोधून काढलं होतं, 'उसनं माहेर'. लेखिका सौ. सुभद्राबाई. आडनाव मी सांगत नाही. पुण्याच्या मंडळींचे फोन अजून येतात.

सुभद्राबाई नवऱ्याबरोबर एका फिरत्या नाटक मंडळीतून कोलकात्याला आल्या. इथे टॉलीगंजच्या स्टुडिओंत सिनेमा नुकता बोलायला लागला होता आणि त्याच्या तोंडी काय घालायचं ते लिहिणारी माणसं हवी होती. नवऱ्याला, म्हणजे दत्तोपंतांना, काम मिळालं. पुढची सगळी वर्षं पडद्यावर नाव त्यांचं. बाईंचं नाव एका सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिकेत, अगदी तळाशी, 'संवादसाहाय्य' म्हणून, आणि या एका नाटकावर. सिनेमांच्या प्रती केव्हाच जळून गेल्या. जुनी फिल्म पटकन पेटते, हे मला कुणी सांगायला नको. तरी जळिताच्या बातमीने माझे कान टवकारतात. गैरसोयीच्या वस्तू आगीत किती बिनचूक सापडतात, ते मी आयुष्यभर बघितलंय.

पण खरं सांगते, पहिला संशय मला बाईंचाच आला.

नाटकाचा तिसरा अंक बघा. मुलगी सासरी निघालीय, गाडीला वेळ आहे, आई तिची वेणी घालतेय. मुलगी बोलतच सुटलीय. तिकडे विहीर आहे की नळ, सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणतात ते खरं का, असं पानभर. आणि आईचं उत्तर काय? 'हं.' मुलगी पुन्हा अर्धं पान. आई, 'अंहं.' मुलगी विचारते, "आई, तू या घरात सुखात होतीस ना गं?" आई, 'हं.' मग एकाएकी आई बोलायला लागते ती थांबतच नाही. लाडू वर ठेवलेत, लोणच्याची बरणी उभी धर, खिडकीशी बसू नकोस, धूर डोळ्यांत जातो. दीड पान. वाचताना मला गाडीच्या दारावर मारलेला नवा रंग बोटाला लागावा तसं झालं. इथे दोन हात आहेत, मी मनाशी म्हटलं. एकाला लिहिता येतंय, दुसऱ्याला नाही.

परवानगीसाठी पुण्याला फोन करायचं काम माझ्याकडे होतं, आणि तिथले श्रीकांतराव नेमकं तेच म्हणाले. हे दत्तोपंतांच्या पुतण्याचे चिरंजीव. चुलत आजोबांचं समग्र साहित्य छापायला निघाले होते आणि त्यांना हे नाटक त्यात हवं होतं. आवाज इतका गोड की मी रिसीव्हर जरा लांब धरला.

"त्या काळी नवरे कौतुकाने बायकोचं नाव घालत असत हो. आजोबांचं मन मोठं होतं. तुम्ही जाहिरातीत त्यांचंच नाव घाला, परवानगीचं मी बघतो."

"आणि ते हं-हं?"

"तेवढं आजीचं असेल," म्हणून ते हसले.

त्या हसण्याने माझा संशय हलला. मिटला नाही, पण जरा दुसऱ्या अंगावर वळला.

सुभद्राबाईंची मुलगी बेहालाला राहते, हे गोडबोल्यांनाच माहीत होतं. कुसुमताई. नव्वदीला टेकलेल्या, एकट्या, दिवसभर सोबतीला मालती नावाची बंगाली बाई. मी बालीगंजहून लोकलने माझेरहाट आणि तिथून नव्या मेट्रोने बेहाला अशी गेले. हिवाळ्यातलं कोमट ऊन होतं, डब्यात अर्ध्या पुरुषांनी माकडटोप्या घातलेल्या होत्या. थंडी म्हणावी तर नव्हती. इथल्या लोकांना थंडी येणार असल्याची चाहूलसुद्धा बाधते.

कुसुमताईंच्या घरात शिलाई मशीनच्या दुकानाचा खडखडाट खालून वर येत होता. त्यांनी मला कमला संत्र्याच्या फोडी दिल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"प्रयोगाच्या पाटीवर आईचं नाव एकटं हवं. 'आणि' नको, 'सह' नको. मी ते बघितलं की झालं. मला दुसरं काही नको."

"पण कुसुमताई, ते तिनेच लिहिलं, हे कशावरून?"

"माझ्या डोक्यावर लिहिलंय तिने. मी लहान होते. एकेका वाक्यासाठी माझी वेणी सोडायची, पुन्हा घालायची. केस ओढून ओढून रडवायची मला."

मी सवयीने म्हणून गेले, "मुलीची आठवण हा पुरावा होत नाही. तुमचा त्यात हितसंबंध आहे."

त्या रागावल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, "पुढच्या वेळी येशील तेव्हा आईचं काम करणाऱ्या पोरीला घेऊन ये."

तोवर इकडे तालमीत वेगळाच घोळ झाला होता. गोडबोल्यांना ते 'हं' सहन होईनात. "आजच्या प्रेक्षकाला हे संथ वाटतं," म्हणून त्यांनी सगळे हं काढून टाकले आणि आईच्या दीड पानी बोलण्याचे तुकडे करून मुलीच्या वाक्यांमध्ये सारखे वाटून टाकले. आता दोघी आळीपाळीने बोलत होत्या, बँकेच्या बैठकीसारख्या. मुलीचं काम करणारीचे केस मानेपर्यंत कापलेले, त्यामुळे वेणीही गेली. दोघी खुर्च्यांवर समोरासमोर बसून चहा प्यायच्या. प्रसंग गुळगुळीत झाला. मला तो अजिबात आवडेना, आणि का आवडेना ते सांगताही येईना.

आईचं काम तन्वीकडे होतं. इथेच वाढलेली, सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करणारी मुलगी. तिने मूळ संवादही पाठ केले होते आणि गोडबोल्यांचेही. बेहालाला जाताना मेट्रोत मला म्हणाली, "काकू, माझं मराठी जरा गडबड आहे. घरी मम्मी मराठीत बोलते, मी रिप्लाय हिंदीत देते."

कुसुमताईंनी तिला जवळ बसवून घेतलं. "आजी, मला टेन्शन आलंय," तन्वी म्हणाली. "तुम्ही सगळं बघितलेलं असणार."

"तुझं काम आईचं ना? मग घाबरू नकोस. तिला उत्तरं कमीच द्यायची असतात." मग त्या सहज म्हणाल्या, "मालती आज आलीच नाही बघ. माझा उजवा हात वर जात नाही. माझी वेणी घालतेस?"

केस पांढरेशुभ्र, पण लांब. तन्वीने कंगवा घेतला. कुसुमताईंनी उशीखालून एक निळी रिबीन काढून दिली. दोन्ही हातांत पेड आल्यावर रिबीन ठेवायची कुठे? तन्वीने ती दातांत धरली. आणि कुसुमताई बोलायला लागल्या.

"आई, तिकडे विहीर आहे की नळ गं?"

मी चमकून बघितलं. मुलीचे संवाद. मूळ, गोडबोल्यांची कात्री न लागलेले. पानभर बोलून त्या थांबल्या. तन्वीच्या तोंडात रिबीन. ती म्हणाली, "हं."

"तू आलीस तेव्हा घाबरली होतीस?"

"अंहं."

"आई, तू या घरात सुखात होतीस ना गं?"

तन्वीचे हात पेड घालता घालता जरा थांबले. "हं," ती म्हणाली. वेणी शेंड्याला आली, तिने रिबीन दातांतून काढून बांधली, आणि मोकळ्या तोंडाने तिचं तीच पुढचं बोलायला लागली. लाडू वर ठेवलेत. लोणच्याची बरणी उभी धर. दोन वाक्यं बोलली आणि गप्पच झाली.

"काकू, हे... हे तर टायमिंग आहे!"

म्हणजे सुभद्राबाईंनी आईला गप्प बसायला जागा दिली होती. सुखात होतीस का, या प्रश्नाच्या वेळी तोंडात रिबीन. खोटं बोलायला नको आणि खरंही सांगायला नको. आणि रिबीन सुटल्यावर, दीड पान, त्या एका प्रश्नाकडे पुन्हा न जाण्यासाठी केलेली बडबड. हे ज्याने लिहिलं त्याने मुलीच्या पाठीशी बसून दातांत रिबीन धरलेली असली पाहिजे. शिवाय पहिल्या बोलपटांचा काळच असा, की सेटवर एकच माइक कुंडीत नाहीतर समईमागे लपवलेला असायचा. माणसं हलली की आवाज गेला. कुसुमताईंची आई म्हणायची म्हणे, की बायका मनातलं बोलतात ते एका जागी बसूनच, वेणी घालताना नाहीतर वाती वळताना, तेव्हा हा माइक आपल्यासाठीच बनवलाय.

एवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं.

"मालती आली नाही ना?" मी विचारलं.

"मांजर असेल."

दाराशी बायकी चपलांचा एक जोड होता, तो मी येतानाच बघितला होता. थोड्या वेळाने मालती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "चा खाबेन तो?" कुसुमताई शांतपणे म्हणाल्या, "आली वाटतं."

म्हणजे तो सगळा प्रसंग बसवलेला होता. रिबीन, हात, मालती, सगळं. परतताना मेट्रोत मी यावर फार विचार केला. नोकरीत असते तर अशा दाव्यावर लाल शेरा मारला असता. पण तिथेही मी एक बघितलं होतं. ज्यांचं खरोखर जळालेलं असे, तीच माणसं कधीकधी राखेत आणखी दोन खुर्च्या आणून टाकत, कारण नुसत्या खऱ्यावर कुणी विश्वास ठेवील असं त्यांना वाटत नसे. कुसुमताईंनी वेणी बसवली होती. टायमिंग त्यांच्या आईचं होतं.

मी गोडबोल्यांना मूळ प्रसंग परत आणायला लावला. लांब केसांची मुलगी मिळाली नाही तेव्हा गंगावन लावलं. तालीम बघून त्यांनी चष्मा पुसला, आणि मग त्यांचा समजूतदारपणा जागा झाला. "मग आपण 'लेखन : श्री. व सौ.' असं करू या का? पुणंही खूश, बेहालाही खूश."

"लग्नाचं आमंत्रण आहे का ते?" मी म्हटलं.

श्रीकांतरावांना फोन मीच केला. ते कागदपत्रांबद्दल, हक्कांबद्दल बरंच बोलले. मी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दत्तोपंतांना वेणी घालता यायची का हो?"

त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"ते कविमनाचे होते," शेवटी ते म्हणाले, आणि हे नाटक समग्रात घेणार नाही असा शब्द दिला.

पाटीवर नाव एकटं लागलं. काळ्या फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, वर 'उसनं माहेर', खाली 'लेखिका : सुभद्राबाई'. प्रयोग दुपारचा होता. कुसुमताईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं, शालीत गुंडाळून. तन्वीने दातांत रिबीन धरून तो 'हं' म्हटला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. फोर्ट विल्यमचे एक कर्नलसाहेब होते. मला फार आनंद झाला. कुसुमताई मात्र आत नव्हत्याच. मी बाहेर येऊन बघते तर खुर्ची फळ्यासमोर, मालती बाजूला उभी.

"आत चला ना, तिसरा अंक चाललाय."

"नाटक मी पाहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. "पाटी पाहिली नव्हती."

आता ते पुण्याचं पुस्तक. श्रीकांतरावांनी यंदा ते भेट म्हणून पाठवलं, सोबत गोड शब्दांत शुभेच्छा. दत्तोपंतांचं समग्र. 'उसनं माहेर' त्यात नाही, तेवढा शब्द त्यांनी पाळला. मी गच्चीत उन्हाला बसून संत्री सोलत ते चाळायला घेतलं. दत्तोपंतांचं सगळ्यात गाजलेलं नाटक, ज्यावरून पुढे सिनेमा झाला, त्याचा दुसरा अंक. नायिका चुलीशी बसलीय. दीर तिला घर सोडून जायला सांगतोय. तिची वाक्यं तुटक, मधेच अर्धवट सुटलेली, मग एक लांब. मी दोनदा वाचलं. मग उठून दोन्ही हात तोंडाशी नेऊन फुंकणी धरल्यासारखे केले आणि वाक्यं म्हणून बघितली. जिथे फुंकर, तिथे वाक्य तुटत होतं. जिथे जाळ धरला, तिथून ती बोलत होती.

पुढच्या नाटकात एक बाई अंबाड्यातले आकडे ओठांत धरून आरशाशी बसलीय. त्याच्या पुढच्यात एक सुईत दोरा ओवतेय. संत्र्याच्या फोडी तशाच राहिल्या. मागच्या हिवाळ्यात मी एका नाटकावर संशय घेतला होता, तोही एका बाईवर. बाकीची सगळी नाटकं ज्यांच्या नावावर होती त्यांच्यावर संशय घ्यावा, हे माझ्यासारख्या बाईलाही सुचलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

परवा बेहालाला गेले. मिठाईवाल्याकडून नव्या गुळाचे संदेश घेतले, न हुंगता. मालती गावी गेली होती. मी स्वयंपाकघरात डोकावून खात्री करून घेतली. कुसुमताई खाटेवर बसून होत्या, केस मोकळे. "घाल माझी वेणी," म्हणाल्या. मला सवय नाही, माझे केस नोकरीला लागल्यापासून कापलेले. तरी मी मागे बसले आणि तीन पेड केले. निळी रिबीन माझ्या मांडीवर होती.

पुस्तकाची गोष्ट मी त्यांना सांगितली. फुंकणी, आकडे, सुईदोरा. त्या ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"कुसुमताई," मी विचारलं, "बाबांची ती नाटकंही आईनेच लिहिली ना?"

एक शब्द त्यांनी दिला असता तर मी श्रीकांतरावांना सोडलं नसतं. पुस्तकावरचं नाव, सिनेमावरचं नाव, सगळं उकरून काढलं असतं. कुसुमताईंनी मागे हात केला, डावा, आणि माझ्या मांडीवरची रिबीन चाचपडून उचलली. मला वाटलं, मला देतायत. त्यांनी ती दातांत धरली.

खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. ज्या माणसाच्या मांडीवर त्या वाढल्या, त्याचं नाव त्या काढून घेणार नव्हत्या, आणि आईचं नाकारणारही नव्हत्या. मी पेड घालत राहिले. वेणी शेंड्याला आली. आता हात पुढे करायचा, त्या रिबीन देणार, तोंड मोकळं होणार, आणि मग काहीतरी बोलावंच लागणार.

मी वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.